डोकेदुखीच्या दोन गोळ्यांनी पुढे ढकललेली स्ट्रेस थॅलियम तपासणी: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचे नाही. स्ट्रेस थॅलियम म्हणजे शिरेतून थोडे किरणोत्सारी औषध (आयसोटोप) देऊन हृदयाच्या स्नायूच्या रक्तपुरवठ्याची दोन चित्रे घेणे, एक विश्रांतीत आणि एक हृदयावर ताण (स्ट्रेस) आणून, आणि ती ताडून पाहणे. अशा स्ट्रेस इमेजिंगमध्ये वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एका रुग्णाभोवती गुंफल्या आहेत, म्हणजे प्रत्येक पायरीमागचे कारण सांगता येईल.

रुग्ण ६२ वर्षांच्या बाई, वजन ७८ किलो. बारा वर्षांपासून मधुमेह, आठ वर्षांपासून रक्तदाब. रोजच्या औषधांत मेटफॉर्मिन, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, मेटोप्रोलॉल आणि टेल्मिसार्टन. तीन महिन्यांपासून एक मजला चढला की छातीच्या मधोमध दडपण येते, ते डाव्या जबड्यापर्यंत जाते आणि थांबल्यावर पाच मिनिटांत ओसरते. बसल्या जागी कधी त्रास नाही, दुखणे वाढत चाललेले नाही. दोन्ही गुडघे झिजलेले. ईसीजीमध्ये एलबीबीबी, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला वीज नेणाऱ्या शाखेत अडथळा. सिरम क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा आकडा) १.४, थोडे वाढलेले. इकोमध्ये पंपिंग ठीक, फक्त मधला पडदा थोडा उशिराने हलतो. एलबीबीबीमध्ये तसे दिसतेच.

ट्रेडमिल का नाही

पहिले कारण गुडघे. नेहमीच्या ब्रूस प्रोटोकॉलमध्ये पट्टा ताशी २.७ किलोमीटर वेगाने आणि १० टक्के चढाने सुरू होतो. दर तीन मिनिटांनी दोन्ही वाढतात. दुसऱ्या टप्प्यात ताशी ४ किलोमीटर आणि १२ टक्के चढ. हृदयाची गती २२० वजा वय या आकड्याच्या किमान ८५ टक्के व्हायला हवी. या बाईंसाठी ती मिनिटाला सुमारे १३४. अशा गुडघ्यांनी तिथवर पोहोचणे अवघड, आणि अर्ध्यावर थांबलेल्या ट्रेडमिलचा 'नॉर्मल' रिपोर्ट हा खरे तर रिपोर्टच नव्हे.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. एलबीबीबी असताना ईसीजीतील एसटी भाग (ठोक्याच्या मोठ्या टोकदार रेषेनंतरचा तुकडा) आधीच बिघडलेला असतो. व्यायामात तो आणखी खाली गेला तरी त्यातून रक्तपुरवठ्याबद्दल काही ठरवता येत नाही. मग ट्रेडमिल आणि आयसोटोप एकत्र केले तर? तेही इथे नको. ठोके वेगाने पडू लागले की एलबीबीबीमध्ये मधल्या पडद्याला रक्त कमी मिळाल्याचे चित्र उमटते, वाहिन्या पूर्ण मोकळ्या असल्या तरी. डोब्युटामाइन ठोके वाढवते, म्हणून त्याचीही तीच अडचण. अशा रुग्णाला ठोके फारसे न वाढवता वाहिन्या रुंदावणारे औषध द्यायचे: अ‍ॅडेनोसिन, रेगाडेनोसॉन किंवा डायपिरिडामोल.

सीटी अँजिओग्राफीचाही विचार झाला होता. पण त्यात आयोडीनयुक्त डाय लागतो आणि क्रिएटिनिन १.४ असलेल्या मधुमेही रुग्णात तो टाळता आला तर बरे. आयसोटोपच्या तपासणीत तसा डाय वापरत नाहीत. 'शिरेतून औषध देतात म्हणजे किडनीला धोका' हा समज खूप जणांचा असतो. या तपासणीला तो लागू नाही.

अ‍ॅडेनोसिन ठरले. त्याआधी दम्याची चौकशी झाली, छाती स्टेथोस्कोपने ऐकली, घरघर नव्हती. घरघर असती तर अ‍ॅडेनोसिन देता आले नसते, कारण त्याने श्वासनलिका आवळतात. दमा असलेल्यांनी हे अपॉइंटमेंट घेतानाच सांगावे, टेबलावर झोपल्यावर नव्हे. पेसमेकर नसताना दुसऱ्या किंवा तिसऱ्या दर्जाचा हार्ट ब्लॉक (हृदयातली वीज पुढे जायला अडणे, रक्तवाहिनीतला अडथळा नव्हे) असेल, किंवा वरचा रक्तदाब ९० च्या खाली असेल, तरी हे औषध देत नाहीत.

पहिला दिवस: तपासणी झालीच नाही

बाईंना दिलेल्या चिठ्ठीवर इतकेच होते: 'उपाशीपोटी या. चहा-कॉफी बंद. सकाळची औषधे घेऊ नका.' त्यांनी ते मनापासून पाळले. आदल्या दिवशी सकाळपासून चहा सोडला. रात्री आठनंतर काही खाल्ले नाही. पहाटे डोके ठणकू लागले, म्हणून साडेपाच वाजता डोकेदुखीच्या दोन गोळ्या घेतल्या. सकाळची इन्सुलिनही घेतली, कारण त्यांच्या मते औषध म्हणजे गोळ्या. इन्सुलिन हे इंजेक्शन.

नऊ वाजता शुगर ७४ होती आणि हात थरथरत होते. साखरेचे पाणी दिले, पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा तपासली आणि ती वर आल्यावरच पुढची विचारपूस सुरू झाली. तंत्रज्ञांचा प्रश्न नेमका होता: "काकू, काल सकाळपासून आत्तापर्यंत तोंडात काय काय गेलं? गोळी, सिरप, चॉकलेट, थंड पेय, सगळं सांगा." तेव्हा गोळ्यांची गोष्ट बाहेर आली. पाकीट बघितले. पॅरासिटामॉलसोबत प्रत्येक गोळीत ५० मिलिग्रॅम कॅफीन. दोन गोळ्या म्हणजे १०० मिलिग्रॅम, एका कप कॉफीइतके. तपासणी पुढे ढकलली.

इथे थांबून हे का झाले ते पाहायला हवे, कारण ही साखळी वाटते त्यापेक्षा जास्त वेळा घडते. रोज चार-पाच कप चहा पिणाऱ्या माणसाने तो एकदम सोडला की १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते. म्हणजे चिठ्ठीतली सूचना पाळल्यामुळेच डोके दुखले, आणि त्यावर हाताशी असलेल्या गोळीत तेच कॅफीन होते. रुग्णाने काहीही चुकीचे केले नव्हते. चिठ्ठी अपुरी होती.

थोड्याशा कॅफीनने एवढे काय बिघडते? अ‍ॅडेनोसिन हृदयवाहिन्यांच्या भिंतीतील ए-टू-ए या रिसेप्टरवर (पेशीवरची औषध पकडणारी जागा) बसते आणि वाहिनी रुंदावते. निरोगी वाहिनीतला प्रवाह त्यामुळे तीन ते चार पट होतो. अरुंद झालेल्या वाहिनीतला तितका वाढत नाही. तपासणी नेमका हाच फरक टिपते. कॅफीन त्याच रिसेप्टरवर जाऊन बसते. मग निरोगी वाहिनीही पुरेशी रुंदावत नाही, फरक पुसट होतो आणि आजारी हृदयाचे चित्र चांगले दिसू लागते. चूक नेहमी याच दिशेने होते, आजार लपण्याच्या. तपासणी चालू असताना हे ओळखण्याचा भरवशाचा मार्गही नाही. चेहरा लाल झाला, ठोके वाढले, म्हणून हृदयवाहिन्या पूर्ण रुंदावल्या असे धरता येत नाही.

एक गोष्ट मात्र चांगली झाली: हा प्रश्न आयसोटोपचे पहिले इंजेक्शन देण्याआधी विचारला गेला. ते दिल्यावर कळले असते तर किरणोत्साराचा तेवढा भाग फुकट गेला असता. क्रम नेहमी हाच असावा.

सुधारलेली चिठ्ठी

दोन दिवसांनंतरची वेळ मिळाली. या खेपेला चिठ्ठीत घड्याळाच्या वेळा आणि औषधांची नावे लिहिली गेली. केंद्र कुठलेही असो, 'उपाशी' आणि 'औषधे बंद' असे मोघम शब्द लिहू नयेत. प्रत्येक घर त्यांचा वेगळा अर्थ लावते.

कॅफीन २४ तास पूर्ण बंद. काही ठिकाणी १२ तास पुरेसे मानतात, पण कॅफीन शरीरातून निघण्याचा वेग माणसागणिक फार बदलतो, म्हणून २४ तास धरणे शहाणपणाचे. यात चहा, कॉफी, ग्रीन टी, कोला, एनर्जी ड्रिंक, चॉकलेट, कोको आणि 'डीकॅफ' कॉफीसुद्धा येते. डीकॅफमध्ये कॅफीन कमी असते, शून्य नसते. डोकेदुखी आणि सर्दीच्या गोळ्यांची पाकिटे वाचायची. डोके दुखलेच तर फक्त पॅरासिटामॉल लिहिलेली साधी गोळी चालते. तारीख आधी कळली असेल तर चहा चार-पाच दिवसांत हळूहळू कमी करत आणावा. मग शेवटच्या दिवशी डोके ठणकत नाही.

थिओफायलिन गटातील दम्याची औषधे ४८ तास आधी बंद करावी लागतात, कारण त्यांचा अडथळा कॅफीनसारखाच. पोटातून घेतलेली डायपिरिडामोल गोळीही ४८ तास आधी थांबवतात, पण कारण उलटे: ती अ‍ॅडेनोसिनचा परिणाम धोकादायकरीत्या वाढवते. पक्षाघातानंतर काहींना ती अ‍ॅस्पिरिनसोबत एकाच कॅप्सूलमध्ये दिलेली असते आणि रुग्णाला तिचे नाव ठाऊक नसते. म्हणून औषधांची यादी पुरेशी नाही, पाकिटे सोबत न्यावीत.

मेटोप्रोलॉलचे काय? व्यायाम किंवा डोब्युटामाइन असेल तर बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारी औषधे, मेटोप्रोलॉल त्यांतलेच) साधारण २४ ते ४८ तास थांबवतात, नाहीतर ठोके लक्ष्यापर्यंत पोहोचतच नाहीत. वाहिनी रुंदावणाऱ्या औषधात त्याची आडकाठी कमी असते. तरी निदान अजून व्हायचे असल्यामुळे बाईंच्या डॉक्टरांनी आदल्या संध्याकाळची आणि त्या सकाळची गोळी थांबवायला सांगितली. हृदयविकार आधीच माहीत असेल आणि औषधे पुरतात का हे बघायचे असेल, तर ती चालूच ठेवतात. हा निर्णय डॉक्टरांचा. बीटा ब्लॉकर स्वतःच्या मनाने अचानक सोडले तर छातीतले दुखणे उसळू शकते. टेल्मिसार्टन नेहमीप्रमाणे घ्यायचे होते.

शुगरसाठी: पहाटे पाचला हलका नाश्ता, सोबत सकाळच्या इन्सुलिनचा अर्धा डोस, मेटफॉर्मिन नाही. त्यानंतर चार तास फक्त पाणी. इन्सुलिनचे नेमके प्रमाण उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिले. मधुमेही रुग्णाला सकाळची पहिली वेळ द्यावी आणि त्याने तपासणीनंतर लगेच खाता येईल असा डबा जवळ ठेवावा.

उरलेल्या सूचना छोट्या, पण कामाच्या. पुढून उघडणारा सैल सदरा; धातूची बटणे, हुक नकोत. छातीवर तेल, पावडर, क्रीम लावू नये, ईसीजीचे स्टिकर सुटतात. चार ते पाच तास लागतील, हे सोबतच्या माणसालाही सांगावे. सोबत गरोदर स्त्री किंवा लहान मूल नको. यायचे नसेल तर आदल्या दिवशीच कळवावे: आयसोटोपचा डोस त्या दिवसापुरताच मागवलेला असतो आणि त्याची ताकद दर सहा तासांनी निम्मी होते, तो ठेवून देता येत नाही.

दुसरा दिवस: विश्रांतीचा भाग

तपासणीला 'स्ट्रेस थॅलियम' म्हणण्याची सवय पडली आहे, पण बहुतेक ठिकाणी आता थॅलियम-२०१ ऐवजी टेक्नेशियम-९९एम जोडलेले सेस्टामिबी किंवा टेट्रोफॉस्मिन वापरतात. थॅलियमचा अर्धायुकाल ७३ तास, टेक्नेशियमचा ६ तास. त्यामुळे टेक्नेशियमचा डोस जास्त देता येतो आणि चित्र स्वच्छ येते. सेस्टामिबी रक्तासोबत हृदयाच्या स्नायूत शिरते आणि पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियात अडकून बसते. म्हणून कॅमेऱ्याखाली तासाभराने गेले तरी चित्र उमटते ते इंजेक्शनच्या क्षणी असलेल्या रक्तपुरवठ्याचे. ही एक बाब नीट समजली की बाकी सगळे वेळापत्रक आपोआप कळते.

नऊ वाजता शुगर १३२, रक्तदाब १४८/८४, नाडी ७४. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला २० नंबरची सुई लावली आणि सलाईन ढकलून शीर मोकळी असल्याची खात्री केली. औषध शिरेबाहेर गेले तर डोसचा काही भाग हातातच राहतो, हृदयाचे चित्र दाणेदार येते आणि तपासणी वाया जाऊ शकते. टोचलेल्या जागी फुगवटा किंवा आग जाणवली तर रुग्णाने त्याच क्षणी सांगावे.

सव्वानऊला १० मिलिक्युरी (किरणोत्सार मोजायचे एकक) सेस्टामिबी दिले. यात काहीही जाणवत नाही, शरीर गरम होत नाही. नंतर ५० मिनिटे थांबणे. यकृत हे औषध बरेच ओढून घेते आणि यकृत हृदयाच्या खालच्या भिंतीला लागूनच. तिथली चमक ओसरेपर्यंत वाट पाहावी लागते.

दहा-पाचला कॅमेरा. पाठीवर झोपून दोन्ही हात डोक्यावर, १५ मिनिटे. गॅमा कॅमेरा उजव्या खांद्याच्या पुढून डाव्या पाठीपर्यंत १८० अंश फिरतो आणि ६४ थांब्यांवर चित्र घेतो. मधुमेहात खांदा आखडणे नेहमीचे. बाईंचाही डावा खांदा पूर्ण वर जात नव्हता. कोपराखाली उशी दिल्यावर जमले. हे आधी सांगितले नाही तर आठव्या मिनिटाला हात दुखून शरीर हलते, आणि हललेल्या हृदयाच्या चित्रात नसलेला दोष उमटतो.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, जी संकोचापायी सांगायची राहून जाते. स्तनाच्या ऊतीतून येताना किरणे क्षीण होतात आणि हृदयाची पुढची भिंत फिकी दिसते. दोन्ही चित्रांत स्तन एकाच जागी असेल तर ही सावली दोन्हीकडे सारखी पडते आणि वाचणाऱ्याला ओळखता येते. पण विश्रांतीच्या चित्राला ब्रा काढलेली आणि स्ट्रेसच्या चित्राला घातलेली असेल, तर सावली सरकते आणि स्ट्रेसमध्येच रक्तपुरवठा कमी झाल्याचा भास होतो. नियम साधा: दोन्ही वेळा ब्रा काढून, एकच गाउन, एकच स्थिती. स्त्री कर्मचाऱ्याने हे कारणासह सांगितले की कुणालाही अवघडल्यासारखे होत नाही. बाईंच्या फाइलवर तशी नोंद केली गेली. पुरुषांत हीच अडचण पोटाच्या पडद्यामुळे खालच्या भिंतीवर येते.

स्ट्रेसचा भाग

साडेबारा. सकाळच्या १० मिलिक्युरीपैकी आता सुमारे ७ उरलेले. स्ट्रेसला ३० द्यायचे, म्हणजे नवीन चित्र जुन्याच्या चौपटीहून जास्त तेजाचे. मागचे अवशेष त्यात बुडून जातात. एका दिवसात दोन्ही भाग करताना दुसरा डोस तिप्पट ठेवण्याचे कारण हेच. फार वजनदार रुग्णात दोन्ही वेळा मोठा डोस लागतो, म्हणून त्यांना दोन वेगळ्या दिवशी बोलावतात.

अ‍ॅडेनोसिनचा हिशेब: दर किलोला मिनिटाला १४० मायक्रोग्रॅम. ७८ किलोला मिनिटाला १०.९२ मिलिग्रॅम, सहा मिनिटांत साडेपासष्ट. एका मिलिलिटरमध्ये ३ मिलिग्रॅम असलेले औषध असल्यास पंपाचा वेग ताशी २१८ मिलिलिटर. वजन तिथेच काट्यावर करावे. सांगितलेले वजन आणि खरे वजन यांत दहा किलोचाही फरक निघतो. ओढून घेतलेले औषध सिरिंजमध्ये किती आहे हेही बघावे: या हिशेबाने जवळपास २२ मिलिलिटर लागणार, आणि नळीत अडकणारे वेगळे.

सुईला वाय आकाराचा जोड. एका फाट्यातून पंप, दुसऱ्यातून आयसोटोप. बीपीचा पट्टा डाव्या हाताला. ज्या हातातून औषध चालू आहे त्याच हाताला पट्टा बांधला तर तो फुगताना प्रवाह अडतो आणि सुटताना साचलेले औषध एकदम आत जाते. अ‍ॅमिनोफायलिन (पंपातल्या औषधाचा परिणाम उतरवणारे) भरलेली सिरिंज, इनहेलर, ऑक्सिजन आणि डिफिब्रिलेटर हाताशी.

पंप सुरू करण्याआधी डॉक्टरांनी बाईंना पुढच्या सहा मिनिटांत काय होईल ते सांगितले: चेहरा तापेल, श्वास जोराने घ्यावासा वाटेल, छाती जड होईल, मान किंवा जबडा ओढल्यासारखा वाटेल, कदाचित पोटात कळ येईल. पंप थांबला की एक-दोन मिनिटांत सगळे जाईल, कारण या औषधाचा रक्तातील अर्धायुकाल दहा सेकंदांहून कमी. हे सांगण्याला पर्याय नाही. न सांगता सुरू केले तर रुग्ण घाबरतो, पंप मध्येच थांबवावा लागतो आणि सगळा दिवस जातो.

पहिल्या मिनिटाला चेहरा लाल. दुसऱ्याला छातीवर दडपण, नाडी ९२, रक्तदाब १२६/७०. हे दडपण म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याचा पुरावा नव्हे. अ‍ॅडेनोसिन वेदनेच्या मज्जातंतूंना थेट चेतवते, निरोगी माणसालाही तसे वाटते. तिसऱ्या मिनिटाला ३० मिलिक्युरी सेस्टामिबी सावकाश आणि मागून सलाईन. सलाईन जरा जोरात गेले. नळीतले अ‍ॅडेनोसिन एकदम पुढे ढकलले गेले आणि मॉनिटरवर चार-पाच सेकंद मधले काही ठोके गळले, म्हणजे दुसऱ्या दर्जाचा ब्लॉक. बाई म्हणाल्या, "जीव खाली गेल्यासारखं झालं." लय आपोआप पूर्ववत झाली, रक्तदाब टिकून होता, म्हणून पंप चालू ठेवला. आयसोटोप आणि सलाईन हळू द्यायचे ते यासाठी. एलबीबीबीच्या रुग्णात तर जास्तच जपून. ब्लॉक टिकला असता, वरचा रक्तदाब ८० च्या खाली गेला असता किंवा छातीत घरघर ऐकू आली असती, तर पंप बंद करावा लागला असता. पंप थांबवूनही त्रास राहिला तर अ‍ॅमिनोफायलिन ५० ते २५० मिलिग्रॅम शिरेतून, सावकाश. परिस्थिती परवानगी देत असेल तर आयसोटोप दिल्यावर निदान एक-दोन मिनिटे जाऊ द्यायची, म्हणजे ते स्नायूत पोहोचते.

सहाव्या मिनिटाला पंप बंद. दीड मिनिटात चेहरा निवला, श्वास शांत झाला. यानंतर चहा प्यायला हरकत नव्हती, आणि कॅफीनमुळे उरलेसुरले परिणाम लवकर जातात.

रेगाडेनोसॉन असते तर हिशेब सोपा: वजन कितीही असो, ४०० मायक्रोग्रॅम दहा सेकंदांत, मागून ५ मिलिलिटर सलाईन आणि १० ते २० सेकंदांनी आयसोटोप. पंप नाही, वाय जोड नाही. मात्र त्याचा परिणाम जास्त वेळ रेंगाळतो आणि फिट येण्याचा आजार असलेल्यांत ते जपून वापरावे लागते.

दुसरे चित्र आणि आतड्याची चमक

एक-पस्तीसला पुन्हा कॅमेरा, तोच गाउन, हात त्याच स्थितीत. चित्र पूर्ण झाल्यावर बाईंना उठवण्याआधी तंत्रज्ञांनी सगळ्या थांब्यांची चित्रे चलचित्रासारखी फिरवून पाहिली. शरीर हललेले नव्हते, पण हृदयाच्या खालच्या भिंतीला लागून आतड्याचा एक लखलखीत वेढा होता. अशी चमक शेजारच्या भिंतीत मिसळून खरा दोष झाकते, किंवा संगणकाच्या गणितात उलट खोटा दोष तयार करते. बाईंना भरपूर पाणी प्यायला देऊन वीस मिनिटे चालायला लावले आणि चित्र पुन्हा घेतले. वेढा खाली सरकला होता. चित्र न बघता रुग्णाला घरी पाठवले असते तर ही दुरुस्ती शक्यच नव्हती. 'परत झोपा' म्हटले की रुग्ण धसकतात, काहीतरी वाईट दिसले असे त्यांना वाटते. पुन्हा चित्र घेणे हा बहुतेक वेळा काळजीने केलेल्या कामाचा भाग असतो.

वाचन

डाव्या कप्प्याचे १७ भाग करून प्रत्येकाला ० ते ४ गुण देतात: शून्य म्हणजे पुरवठा नॉर्मल, चार म्हणजे नाहीच. स्ट्रेसमध्ये बेरीज ११, विश्रांतीत ३, फरक ८. एकूण शक्य गुण ६८, त्यामुळे ताणाखाली रक्त कमी पडणारा भाग सुमारे १२ टक्के. दहाच्या वर गेला की तो मध्यम ते मोठा मानतात. दोष पुढच्या भिंतीच्या मधल्या व टोकाकडच्या भागात आणि हृदयाच्या टोकाशी, म्हणजे डाव्या पुढच्या वाहिनीच्या हद्दीत. विश्रांतीतले ३ गुण पुढच्या भिंतीवरच होते, पण तिथली हालचाल चांगली होती आणि सीटीने किरणक्षय दुरुस्त केल्यावर ते नाहीसे झाले: ती स्तनाची सावली, जुना अटॅक नव्हे. मधल्या पडद्यात फारसे काही नव्हते. ट्रेडमिल टाळल्याचा फायदा इथे दिसला.

रिपोर्टमध्ये आणखी दोन आकडे होते आणि तेच जास्त बोलके. पंपिंग, म्हणजे डाव्या कप्प्यातल्या रक्ताचा दर ठोक्याला बाहेर जाणारा वाटा, विश्रांतीत ५४ टक्के, स्ट्रेसनंतर ४६. कप्प्याचा आकार स्ट्रेसच्या चित्रात विश्रांतीच्या सुमारे सव्वापट. ही तपासणी हृदयाच्या एका भागाची तुलना दुसऱ्याशी करते. सर्वांत जास्त रक्त मिळालेला भाग नॉर्मल धरला जातो. तिन्ही वाहिन्या सारख्याच अरुंद असतील तर सगळीकडे पुरवठा सारखाच कमी, आणि चित्र निर्दोष. अशा वेळी कप्प्याचे फुगणे आणि पंपिंगची घसरण हीच धोक्याची खूण उरते. रिपोर्टची शेवटची ओळ वाचून फाइल बंद करू नये ती यासाठी.

दोन्ही डोस मिळून किरणोत्सार सुमारे १२ मिलिसिव्हर्ट. जगात निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. नगण्य नाही, भीतीदायकही नाही. कारणाशिवाय दरवर्षी 'चेकअप' म्हणून ही तपासणी करू नये, आणि लक्षणे असताना किरणांच्या धास्तीने टाळूही नये. त्या दिवशी भरपूर पाणी प्यायचे, वारंवार लघवीला जायचे, रात्रीपर्यंत लहान मुलांना मांडीवर घ्यायचे नाही. एक-दोन दिवसांत विमानप्रवास असेल तर केंद्राचे पत्र जवळ ठेवावे, विमानतळावरची किरणमापक यंत्रे वाजू शकतात.

पुढे काय ठरले

१२ टक्के आकडा दिसला की लगेच स्टेंट, असे समीकरण आता राहिलेले नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' या मोठ्या चाचणीत, स्थिर आजार आणि मध्यम ते तीव्र दोष असलेल्या रुग्णांत सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून वाहिन्या मोकळ्या केल्याने, आधी औषधे देण्याच्या तुलनेत मृत्यू किंवा अटॅक यांसारख्या मोठ्या घटना कमी झाल्या नाहीत. छातीतले दुखणे मात्र जास्त आटोक्यात आले. पण त्या चाचणीत डाव्या मुख्य वाहिनीचा आजार असलेल्यांना वगळले होते. इथे कप्प्याचे फुगणे आणि पंपिंगची घसरण पाहता ती शक्यता तपासणे भाग होते. अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन आणि जिभेखालची गोळी सुरू झाली, मेटोप्रोलॉल त्याच संध्याकाळपासून पूर्ववत. नंतर मेटफॉर्मिन थांबवून, सलाईन देऊन आणि कमीत कमी डाय वापरून अँजिओग्राफी झाली.

डावी मुख्य वाहिनी मोकळी निघाली. डावी पुढची वाहिनी सुरुवातीलाच ८५ टक्के अरुंद, जशी चित्रावरून अपेक्षित होती. उजवी ७० टक्के. तिच्या हद्दीत आयसोटोपच्या चित्रात काहीच दिसले नव्हते. डाव्या वाहिनीच्या दोषापुढे उजवीचा भाग तुलनेने बरा ठरला आणि त्याचे गुण शून्य आले. मधुमेह आणि दोन वाहिन्या, त्यामुळे बायपास की स्टेंट हा निर्णय हृदयशल्यविशारदांसोबत बसून घ्यायचा ठरला.

बाईंच्या फाइलमध्ये छापील चित्रांसोबत सीडी आणि एक पान ठेवले आहे: कोणते औषध, किती डोस, कोणत्या वेळी; विश्रांती आधी की स्ट्रेस; कोणत्या गोळ्या किती तास बंद होत्या; शेवटचे कॅफीन कधी; गाउन आणि हातांची स्थिती; सलाईन ढकलताना लागलेला ब्लॉक. शस्त्रक्रियेनंतर कधी पुन्हा तपासणी लागली, तर ती याच पद्धतीने करून दोन्ही चित्रे शेजारी ठेवता येतील.